नदीच्या मुदतीचा नवस

तलअत: ...आणि असे लांब काय बसलाय परक्यासारखे? सरका इकडे, माझ्याजवळ. पाणी यायला अजून अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगते तुम्हाला. आजवर कुणाला सांगितलेली नाही.

हबीब: तुझी अशी एकही गोष्ट नाही, तलअत. सगळ्या गल्लीला पाठ आहेत.

तलअत: ही नाही. आणि कुजबुजू नका. डॉक्टरांनी काय सांगितलंय? बोलायचं तर नीट बोला, नाहीतर गप्प बसा. कुजबुजीनं गळ्याला जास्त ताण पडतो.

हबीब: मग गप्प बसतो.

तलअत: उन्हाळ्यापासून गप्पच आहात. घरात माणूस आहे की कपाट, कळत नाही. हे घ्या, खा. हत्तीचे कान आणलेत त्या कोपऱ्यावरून, आत्ताच तळून पाकात घातलेले. वर ताक घ्या.

हबीब: गोड तोंडावर खारं ताक. तेहरानचे लोक आपल्याला हसतात ते उगाच नाही.

तलअत: हसू देत. त्यांच्याकडे नदी आहे का?

हबीब: आपल्याकडे आहे का? समोर बघ. कमानींखालून मुलं सायकली चालवताहेत. पलीकडे त्या हंसाच्या होड्या पडल्यात चिखलाच्या खपल्यांवर, माना वर करून. ज्या हंसांत बसून माणसं नदीत फिरायची, त्यांच्या सावलीत कुत्री झोपलीत.

तलअत: धरणाची दारं उघडलीत. पूर्वेकडच्या गव्हासाठी. रेडिओवर दोनदा सांगितलं. एवढी माणसं काय वेडी म्हणून काठावर सतरंज्या टाकून बसलीत?

हबीब: मागेही सांगितलं होतं. चहा संपला, माणसं घरी गेली.

तलअत: बरं, गोष्ट ऐका. तुमच्या गळ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी दवाखान्याच्या बोळात आम्ही चौघी-पाचजणी बसलो होतो. कुणाचा मुलगा आत, कुणाचा नवरा. जी ती नवस बोलत होती. एक म्हणाली, बकरा कापीन. एक म्हणाली, केशरी खीर वाटीन सगळ्या मोहल्ल्याला. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

हबीब: आणि तू पाकिटाकडे बघितलंस.

तलअत: मी वर बघितलं. म्हटलं, मौला अब्बास, हा माणूस बोलता उठू दे. तो उठला, तर नदीला पाणी येईल त्या दिवशी खाजूच्या पुलाखाली बसून तो तुझं आख्यान गाईल. सगळ्यांसमोर.

हबीब: कोण गाईल?

तलअत: तुम्ही. दुसरा कोण गातो आपल्या घरात?

हबीब: माझ्या गळ्यावर नवस. मला न विचारता.

तलअत: तुम्हाला भूल दिली होती. कुणाला विचारू?

हबीब: एक बकरा बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

तलअत: बकरा कुणीही बोलतं. तुमच्याकडे जे सगळ्यांत मोठं होतं तेच बोलले. आणि खरं सांगू? मुदत नदीची घातली होती मी. म्हटलं, हिला कुठलं पाणी येतंय एवढ्यात. वर्षं जातील. तोवर गळ्याची जखम भरेल, सूर परत येईल. कुणाला ठाऊक होतं, त्याच साली दारं उघडतील म्हणून?

हबीब: इस्फहानची बाई ती. देवाच्या माणसाशीही मुदतीची घासाघीस करते.

तलअत: त्यानं दिली ना मुदत? आणि आता संपवलीही. म्हणून तुम्हाला फिरायला म्हणून इथवर आणलं. इथून जुई पूल, तिथून खाजू. हळूहळू जाऊ.

हबीब: मी येणार नाही.

तलअत: हाजी.

हबीब: ऐक. चाळीस वर्षं गायलो मी. नदीकाठच्या मशिदीत दर मोहरमला, आणि दर गुरुवारी संध्याकाळी खाजूखाली. माझा वरचा सूर त्या कमानीत लागला की पलीकडच्या टोकाला बसलेला माणूस मान वर करायचा. त्या दगडांना मी आता हे ऐकवू? हा बेडूक?

तलअत: मला तर ऐकू येतंय सगळं.

हबीब: तू बायको आहेस. तुला ऐकावंच लागतं. आणि आता माझी गरज कुणाला आहे? मशिदीनं माझ्या आसनावर तो मीसम बसवायचा ठरवलाय. नानवाल्याचा पोरगा. आवाज काय त्याचा, नव्या चपलेसारखा नुसता करकरतो.

तलअत: तो पोरगा दोनदा दारात येऊन गेला. शिकवा म्हणाला. तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत.

हबीब: औषधाची गुंगी होती.

तलअत: गुंगीत एक डोळा उघडा ठेवून बघत होतात तो गेला का ते. जाऊ द्या. मी जबरदस्ती करणार नाही. शब्द मी दिला, मौलाला तोंड मलाच दाखवायचंय.

हबीब: तो काय गळा परत मागून घेणार आहे?

तलअत: तो तसा नाही. ज्यानं तहानेनं जीव चालला असताना ओंजळीतलं पाणी सोडून दिलं, तो मागून घेईल? पण त्यानं त्याचं केलं ना, हाजी. तुम्ही माझ्यासमोर बसून ताक पिताय. आता माझ्याकडून काहीच गेलं नाही, तर मी दिवा लावायला कुठल्या तोंडानं जाऊ?

हबीब: ...थांब. हे काय?

तलअत: काय?

हबीब: गप्प झाले. बघ. सगळे गप्प झाले. ती सायकलवाली पोरंही.

तलअत: मला काही दिसत नाही.

हबीब: बघू नको. ऐक. कुणीतरी वाळलेली पानं ओढत आणतंय ना, तसा आवाज.

तलअत: या खुदा. हाजी, वास आला. मातीचा वास. भर कोरड्यात.

हबीब: पश्चिमेकडून. त्या वळणावर जमीन काळी होत चालली आहे बघ. हळूहळू. कुणी शाल पसरावी तशी.

तलअत: ते पाणी आहे? एवढंच? बोटभर?

हबीब: तोंड आहे ते पाण्याचं. पुढे फेस, पुढे काटक्या. भेगांत उतरतंय, भेग भरली की पुढे सरकतंय. एकेक भेग पिऊन घेतेय आधी.

तलअत: आणि त्याच्यापुढे तो कोण माणूस चाललाय? अनवाणी? हातात फावडं?

करमअली: सरका बरं आगा, पायऱ्यांवरनं. कागद-पिशव्या कुणी टाकल्या ह्या? पाण्याच्या तोंडाला आडव्या येत्यात.

तलअत: तू महापालिकेचा का रे?

करमअली: न्हाई आई. मी वरझनेचा. नदी सरती तिथला. करमअली नाव माझं. आमचा गहू पेरायचा थांबलाय, मग म्हनलं, आपणच जावं पाण्याला आणायला. पार वरच्या पुलापास्नं चालतोय संगं. काय आडवं आलं की काढतो.

हबीब: पाण्याबरोबर चालत?

करमअली: तर काय. लगीन होऊन येनारीला येशीपास्नं आनत्यात न्हवं? तिला काय म्हनायचं, ये तुझी तू? ...आगा, एक इचारू? ह्यो कंचा पूल?

तलअत: अरे, तेहतीस कमानींचा. कधी बघितला नाहीस?

करमअली: रग्गड येळा बघितला. वरनं. बाजारात येतो, वरनं जातो, बस धरतो. पन नदीच्या पोटात उभं ऱ्हाऊन कुनी बघतं का? मान मोडली की माझी. एक कमान, तिच्या आत दुसरी, तिच्या आत आभाळ. बांधणाऱ्यानं काय खाल्लं असंल त्या दिवशी?

हबीब: कांदा आणि भाकर.

करमअली: असं म्हंता? मग आमी बी तेच खातो, आमच्याच्यानं घराची भित सरळ येत न्हाई.

तलअत: हाजी, हाजी, तो हंस बघा. तो कडेचा.

हबीब: हलला.

तलअत: उठतोय. झोपेतून कुणी उठावं तसा. आधी मान हलवली, मग... बाई गं. सगळेच उठताहेत. एकमेकांना धक्के देत.

हबीब: तलअत, रडतेस काय?

तलअत: मी कुठे रडते? ती पलीकडची बाई रडते, तिच्याकडे बघून डोळ्यांत पाणी आलं.

करमअली: चला आई, पाणी थांबत न्हाई आपल्यासाठी. फुडं कंचा?

तलअत: पुढे छोटा पूल, जुई. त्याच्यापुढे खाजू. आम्हीही येतो. काय हो, हाजी? बघायला तर याल?

हबीब: बघायला येतो. बघायलाच.

करमअली: काठानं चला तुमी, मी खालनं. बोलत ऱ्हा, म्हंजी चाल जड वाटत न्हाई. तुमच्या गळ्याला काय झालं, आगा?

हबीब: म्हातारा झाला.

करमअली: गळ्यावरनं आठवलं. तुमच्या शहरात एक हाजी हबीब हुता बगा. आख्यान लावायचा. आमच्या गावात त्याची कॅसेट हाय. माझ्या बापानं घेतल्याली. ट्रॅक्टरवर लावायचा, आन नांगरताना हिकडं रडतोय, तिकडं नांगर वाकडा. त्यो 'माझ्या जिवा' म्हनून वर चढायचा न्हवं, आमचं कुत्रं बी उठून बसायचं.

तलअत: होता म्हणजे?

करमअली: गेला की त्यो. मोहरमला औंदा आवाज न्हाई आला रेडिओवर. इचारलं तर म्हनले गळ्याचं कायतरी झालं. झालं म्हनलं, गेला. गावानं फातेहा पढली त्याच्या नावानं. खजूर वाटलं, हलवा केला.

हबीब: हलवा कसा झाला होता?

करमअली: तूप कमी पडलं जरा. का हो?

तलअत: कारण ज्याच्या नावाचा केलात, तो विचारतोय.

करमअली: ...आई, थट्टा करू नगा. मी दमल्यालो हाय.

तलअत: चाळीस वर्षं स्वयंपाक करते मी ह्याचा. थट्टा कशाला करू?

करमअली: आगा, खरं?

हबीब: खरं आहे बाबा. पण तुम्ही फार चुकला नाहीत. ज्याच्या नावानं खजूर वाटले तो आवाज गेलाच. मी नुसता मागे राहिलोय.

करमअली: असं बोलू नगा. पाणी ऐकतंय. ...फुडं बगा. खाजू त्योच का? त्यो दुमजली?

तलअत: तोच.

करमअली: या अल्ला. ह्यो पूल हाय का राजवाडा पान्यात पाय सोडून बसलाय? मधी सज्जा, निळ्या फरशा. आन त्या काठाला दोन दगडी सिंव्ह. दोघं बी तोंडं हिकडंच करून बसल्यात. जणू ह्यांनीच पाण्याला बोलावनं धाडलं हुतं.

तलअत: आणि माणसं बघ. कमानीकमानीत भरलीत. सुईला जागा नाही. आता उन्हं कलती झालीत, म्हणून विटा अशा आतून पेटल्यासारख्या दिसताहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा इथेच आणलं होतं ह्यांनी. मला वाटलं, हा पूल ह्यांच्या घरचाच आहे.

हबीब: मी तसं सांगितलंच होतं.

तलअत: आणि मी मानलं होतं. ...आलं. हाजी, आलं. कमानीखाली शिरलं.

(पाणी पुलाच्या मोऱ्यांतून उतरू लागते. खालच्या दगडी पायऱ्यांवर तिघे गर्दीत येऊन उभे आहेत.)

हबीब: ऐक. ह्या पुलाला आवाज परत आला. कोरडा असतो तेव्हा नुसता घुमतो. आता बोलतोय. प्रत्येक मोरी वेगळ्या सुरात. मी विसरलोच होतो गं.

करमअली: ओ भाऊ, ओ, हात नगा घालू पान्यात. थांबा की जरा. ओ ताई, लेकराला पाजू नगा, गढूळ हाय, आन... थांबा सगळे.

तलअत: का रे, काय झालं?

करमअली: आमच्यात पयल्या ओंजळीच्या आधी कुनीतरी अब्बासचं आख्यान लावतं. त्याचं नाव घेतल्याबिगर पान्याला त्वांड लावत न्हाईत. मी गावाकडं तेच करनार. पन पाणी हितंच आधी आलं. शहरवाल्यांनो, तुमच्यात कुनी न्हाई का घेनारं? कुनीबी घ्या. दोन शब्द घ्या.

तलअत: सगळे एकमेकांकडे बघताहेत.

करमअली: त्यो बाजा घिऊन बसल्याला पोरगा मान हलवतोय. त्याला प्रेमाचीच गानी येत्यात म्हनं.

तलअत: हाजी, मी काही म्हणत नाही.

हबीब: तू काही म्हणत नाहीस हे मला इथवर ऐकू येतंय. हात दे. ह्या पायरीवर बसतो. ...करमअली, तू माझ्या बाजूला उभा राहा. मी पडलो तर धर.

करमअली: आगा, पायरी रुंद हाय. पडत न्हाई तुमी.

हबीब: तसलं पडणं नव्हे. ...ऐका बाबांनो. आयाबायांनो. आज गळा माझा नाही, जसा आहे तसा गोड मानून घ्या. अशीच एक नदी होती. फुरात तिचं नाव. भर दुपार, वाळू तापलेली. तंबूत लेकरं होती, आणि ती रडायचीही थांबली होती, कारण रडायलाही अंगात पाणी लागतं. तेव्हा अब्बास उठला. खांद्यावर रिकामी पखाल. थोरल्या भावाला, हुसेनला म्हणाला, जाऊन येतो. जसं कुणी नळावर जातं तसं म्हणाला. समोर हजार भाले होते. ती फळी फोडून तो नदीत उतरला. घोड्याला पाणी गुडघाभर. सगळा देह तहानेनं जळतोय, आणि ओंजळीत पाणी आलं. गार. अगदी हे असं. हे बघा, हे माझ्या हातात आहे ना, असं. ओठांपाशी नेलं त्यानं. आणि त्या पाण्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला नाही. तंबूच्या दाराशी रिकामा पेला घेऊन उभी असलेली पोर दिसली. भाऊ दिसला. तेव्हा अब्बास स्वतःलाच म्हणाला... 'माझ्या जिवा'... 'माझ्या...'

तलअत: मौला, धरा त्यांना.

हबीब: 'माझ्या...' ...नाही. नाही जमत. माफ करा मला.

करमअली: 'माझ्या जिवा, थांब जरा, भाऊ माझा तहानेला...'

हबीब: करमअली...

करमअली: 'माझ्या जिवा, थांब जरा, भाऊ माझा तहानेला...' म्हना की. तुमी काय बघत बसलाय? पाठ हाय न्हवं सगळ्यांना?

लोक: 'माझ्या जिवा, थांब जरा, भाऊ माझा तहानेला...'

तलअत: हाजी, पलीकडच्या कमानीतूनही येतोय. वरच्या मजल्यावरूनही. ऐका. थांबू नका, ते तुमच्यासाठी धरून ठेवताहेत.

हबीब: ...आणि त्यानं ओंजळ सोडून दिली. पाणी पाण्यात गेलं. असं. हे गेलं बघा. त्यानं पखाल भरली लेकरांसाठी, आणि तो तहानेलाच वळला. पुढचं मी सांगत नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आणि मला आज सोसवत नाही. आता प्या. लेकरांना घरचं पाणी पाजा, हे नुसतं डोळ्यांना लावा. पण आधी त्याचं नाव घ्या.

लोक: या अब्बास.

तलअत: ...घ्या. ताकाचा घोट आहे थोडा. घसा ओला करा.

हबीब: आधी तू सांग. फिटला का?

तलअत: काय?

हबीब: तुझा नवस. सूर तर लागला नाही.

तलअत: मी 'तो गाईल' म्हटलं होतं. 'सुरात गाईल' असं म्हटलं नव्हतं. इस्फहानची आहे मी.

हबीब: तलअत, मी तो सूर सोडला ना मघाशी. मला वाटलं, आता दगडावर आपटणार. तो खाली पडलाच नाही गं.

तलअत: मी बघितलं.

हबीब: एवढी वर्षं मी वरच बघून गात होतो. खाली एवढी माणसं ओंजळ धरून उभी असतात, मला कधी दिसलीच नाहीत. ...त्या पोराला उद्या बोलाव.

तलअत: कुठल्या?

हबीब: किती पोरं येतात आपल्या दारात? न्याहारीला बोलाव. नान घेऊनच येईल तो.

करमअली: आगा, मी निघतो. पाण्यानं पूल सोडला, माझ्याआधी पोचंल म्हनून भ्या वाटतं. गावात काय सांगू?

हबीब: सांग, जिवंत आहे. खजूर परत मागू नका म्हणावं.

करमअली: सांगतो. आन शेतात पाणी शिरलं की आमी समदे बांधावर हात वर करतो. तवा तुमच्या गळ्यासाठी दुवा मागीन मी. आई, तुमी बी नाव सांगा तुमचं.

तलअत: माझं राहू दे. माझं आज मिळालं.

हबीब: माझ्या गळ्यासाठीही नको, करमअली. येत्या मोहरमला माझ्या जागी एक पोरगा बसणार आहे. मीसम त्याचं नाव. वरच्या सुरापाशी आला की घाबरतो तो. हात वर कराल तेव्हा त्याची आठवण काढा.